मळ्यातील पंढरी : श्रीसंत सावता माळी यांचे चरित्र

महाराष्ट्रातील संतमंडळाकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट चटकन ध्यानात येते, ती ही की, या मंडळींपैकी बहुतेकांनी घर सोडले नाही आणि धंदाही सोडला नाही. गोरोबाकाका तेर येथे मडकी घडवीत राहिले. नरहरी सोनार पंढरपुरात दागिने घडवीत राहिले. जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करीत राहिल्या. ज्याच्या हाती जे काम आले होते तेच त्याने परमेश्वरापुढे ठेवले. या मालिकेत ज्यांच्या हाती खुरपे होते, ते अरण गावचे सावता महाराज होत. आषाढ वद्य चतुर्दशी ही त्यांची पुण्यतिथी. त्या निमित्ताने या संताचे चरित्र आमच्या सभासद कुटुंबांपुढे ठेवावे व त्या चरित्रातून आपल्या घरच्या अंगणात उतरण्याजोगे काही सापडते काय तेही पाहावे, असे आम्ही योजिले आहे.

जन्म, कुल व काल

सावता महाराजांचा जन्म शके ११७२, म्हणजे इसवी सन १२५० मध्ये झाला, असे परंपरेने मानले जाते. त्यांचे गाव अरण, अर्थात अरणगाव, हे आज सोलापूर जिल्ह्यातील माढे तालुक्यात येते. आजोबा देवू माळी हे घराणे घेऊन या गावी येऊन राहिले. वडिलांचे नाव पुरसोबा व आईचे नांगिताबाई. घरात विठ्ठलभक्ती पूर्वीपासून होती. बापाने दिवसभर मळ्यात राबावे व मुखाने नाम घ्यावे, हेच मुलाने बालपणापासून पाहिले. सावता महाराजांचा विवाह जवळच्या भेंड गावातील जनाबाई नावाच्या कन्येशी झाला. नामदेवांच्या घरच्या जनाबाई त्या निराळ्या, हे येथे सांगून ठेवलेले बरे. या दांपत्यास विठ्ठल व नागाताई अशी दोन अपत्ये झाल्याचे सांगतात.

तो काळ देवगिरीच्या यादवांचा होता. सावता महाराजांच्या उत्तर आयुष्यात रामदेवराव यादव गादीवर होते, व त्यांच्याच राज्यात शके १२१२ मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. सावता महाराज वयाने नामदेवांपेक्षा सुमारे वीस आणि ज्ञानदेवांपेक्षा सुमारे पंचवीस वर्षांनी वडील. म्हणजे पंढरीच्या वाळवंटात तरुण संतांचा मेळा जमू लागला तेव्हा अरणच्या मळ्यातील हा माळी प्रौढ वयास पोहोचलेला होता, आणि त्याची उपासना त्याच्या वाफ्यांमध्ये अगोदरच रुजलेली होती.

मळ्यातील दिवस

सावता महाराजांची भक्ती समजून घ्यावयाची असेल, तर प्रथम माळ्याचे काम समजून घेतले पाहिजे. सोलापूरकडचा मुलूख पर्जन्यछायेतला. तेथे वर्षाकाठी साधारणतः पाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, व तोही नेमाने पडेल याची शाश्वती नसते. अशा भागात जिरायत पीक आभाळाच्या भरवशावर घेता येते, पण भाजीपाला घेता येत नाही. भाजीपाल्यास विहीर लागते, आणि त्या काळी विहिरीचे पाणी मोटेवाचून वर येत नसे.

आजच्या तरुण वाचकांनी मोट पाहिलेली नसेल, कारण विजेचे पंप आल्यापासून ती नाहीशी झाली. चामड्याची मोठी पिशवी नाड्याने विहिरीत सोडावयाची, बैलांनी धावेवरून उतरत जाऊन ती वर ओढावयाची, वर येताच तिचे पाणी थारोळ्यात पडावयाचे, तेथून पाटात, पाटातून दांडात आणि दांडातून एकेका वाफ्यात जावयाचे. एक माणूस बैल हाकीत असे व दुसरा दारे धरीत असे. दारे धरणे म्हणजे वाफ्याच्या तोंडची माती कुदळीने बाजूस करून पाणी आत घ्यावयाचे आणि वाफा भरताच तीच माती परत लावून पाणी पुढच्या वाफ्यास वळवावयाचे. ऐकावयास सोपे वाटते. परंतु दारे धरणाऱ्याचे लक्ष क्षणभर चुकले, तर भरलेला वाफा फुटतो, कोवळे रोप वाहून जाते, आणि शेवटचा वाफा कोरडा राहतो.

या कामात डोळे व हात गुंतलेले असतात. मुख मात्र मोकळे असते. बैलांच्या चालीला ताल असतो, मोटेच्या येण्याजाण्याला लय असते. मोटेवरची गाणी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या गाइली गेली ती यामुळेच. सावता महाराजांनी त्या मोकळ्या मुखात विठ्ठलाचे नाम घातले, आणि कामासाठी लागणारी एकाग्रता व नामासाठी लागणारी एकाग्रता या दोन निराळ्या राहू दिल्या नाहीत. कुदळीवरचे लक्ष उडाले तर वाफा फुटतो, हे ज्यास रोज दिसते, त्यास चित्त स्थिर करण्याचा उपदेश वेगळा करावा लागत नाही.

बियाण्याची गोष्टही अशीच आहे. मेथी वा मुळा मातीत टाकला की तीन-चार दिवसांत उगवून येतो. कांद्याचे तसे नाही. कांद्याचे बी आधी लहानशा रोपवाफ्यात पेरावे लागते. सहा-आठ आठवड्यांनी ती केसासारखी रोपे उपटून दुसऱ्या वाफ्यात चार-चार बोटांवर लावावी लागतात. कांदा पोसण्यास आणखी तीन ते चार महिने जातात. एवढ्यानेही बी मिळत नाहीच. चांगले कांदे निवडून, जपून ठेवून, पुढील हंगामात पुन्हा जमिनीत लावावे, तेव्हा त्यांस गोंडे येतात, आणि त्या गोंड्यांतून काळे बी निघते. हे बी फार टिकतही नाही. वर्ष उलटले की त्याची उगवण झपाट्याने घटते. म्हणून ज्या माळ्यास आपल्या घरचा कांदा राखावयाचा असे, त्यास दरवर्षी ही साखळी अखंड चालवावी लागे. एक वर्ष खंड पडला की आजोबापणजोबांपासून चालत आलेले वाण घरातून गेले.

सावता महाराज जन्मभर पंढरपुरास गेले नाहीत, असे परंपरा सांगते. पंढरपूर काही दूर देशी नव्हते. भीमेकाठचे ते क्षेत्र अरणापासून पायी जाण्याजोगे. तरीही गेले नाहीत, याचे अनेकांस नवल वाटते. परंतु वरील साखळी ज्याने पाहिली आहे त्यास ते वाटू नये. उन्हाळ्यात वाफा दोन दिवस तहानलेला राहिला तर पालेभाजी माना टाकते. देवाच्या दर्शनास जावयाचे आणि देवानेच सांभाळावयास दिलेला जीव वाळू द्यावयाचा, हे त्यांच्या मनास पटण्यासारखे नव्हते.

येथे एक खुलासा केला पाहिजे. सावता महाराजांनी वारीचा अव्हेर केला, असा अर्थ कोणी काढू नये. वारकरी त्यांस आपलेच मानतात व ते योग्यच आहे. त्यांचे म्हणणे एवढेच की, ज्याच्या हाती प्रामाणिक काम आहे त्याचे पंढरपूर त्या कामात आहे. मात्र काम खरोखरीच प्रामाणिक हवे. आपल्या आळसास कर्मयोगाचे नाव देणाऱ्यास सावता महाराजांचा आधार सापडणार नाही.

जनाबाईंचे स्थान

संतचरित्रे लिहिताना त्यांच्या गृहिणींचा उल्लेख एका ओळीत उरकण्याची आपली सवय आहे. सावता महाराजांच्या चरित्रात मात्र एक प्रसंग असा आहे की, तो टाळून पुढे जाता येत नाही. एकदा सासुरवाडीची मंडळी अरणास आली. महाराज त्या वेळी भजनात रंगले होते. पाहुण्यांकडे त्यांचे लक्ष गेले नाही. माहेरच्या माणसांचा आपल्या दारी असा अनादर झालेला पाहून जनाबाईंस संताप आला व त्यांनी पतीस चांगलेच सुनावले. महाराजांनी उलट शब्द काढला नाही. त्यांनी शांतपणे समजूत घातली, आणि जनाबाईंचा राग निवळला, असे कथा सांगते.

ही कथा बहुधा महाराजांच्या तल्लीनतेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. आम्हांस तीत आणखी एक गोष्ट दिसते. जनाबाईंचा राग अकारण नव्हता, आणि महाराजांनीही तो अकारण ठरविला नाही. मळा एका माणसाच्या हातांवर उभा राहत नाही. मोट हाकणारा एक, दारे धरणारा दुसरा, निंदणी-खुरपणी, बी वाळविणे, राखेत घोळून मडक्यात ठेवणे, भाजी खुडून जुड्या बांधणे ही कामे घरच्या स्त्रियांच्या हातची. सावता महाराजांस ज्या मळ्यात देव दिसला, त्या मळ्याचा अर्धा भार जनाबाईंच्या शिरावर होता, हे आपण विसरता कामा नये.

देव भेटीस आला

सावता महाराजांच्या नावाशी जोडलेली सर्वांत प्रसिद्ध कथा आपल्या घरोघरी माहीत आहे. तरीही तिचा आशय पुन्हा पाहण्याजोगा आहे. कूर्मदास नावाच्या भक्ताच्या भेटीस पांडुरंग निघाले व त्यांच्यासमवेत ज्ञानदेव आणि नामदेव होते. वाटेत अरण लागले. देवाने दोघांस मागे थांबविले आणि आपण एकटेच सावता महाराजांच्या मळ्यात गेले. आपल्या पाठीस दोन चोर लागले आहेत, कोठे तरी लपव, अशी विनवणी त्यांनी केली. महाराजांनी क्षणाचाही विचार न करता खुरप्याने आपला देह चिरला आणि देवास आपल्या अंतरात लपविले.

इकडे नामदेव व्याकूळ झाले. पंढरीचा देव म्हणजे त्यांचा अगदी जवळचा सखा. तोच दिसेनासा झाला. शोधीत शोधीत ते मळ्यात आले, आणि कथा म्हणते की, पीतांबराचा पदर त्यांच्या दृष्टीस पडला तेव्हा देव कोठे आहे ते त्यांस उमगले.

या कथेतील चमत्कार बाजूस ठेवला तरी तिची योजना मोठी मार्मिक आहे. देवाच्या सन्निध राहण्याचा मान ज्यांस मिळाला होता त्या दोघांस मागे ठेवून देव कोणाकडे गेला? जो कधी त्याच्या दारी गेला नव्हता त्याच्याकडे. आणि लपण्यास त्याने देऊळ वा राजवाडा निवडला नाही; ज्याचे हात मातीने भरलेले होते त्याचे काळीज निवडले. महाराजांच्या हाती त्या क्षणी जे हत्यार होते तेही ध्यानात घ्यावे. जे खुरपे रोज तण काढीत होते तेच त्यांनी स्वतःच्या देहावर चालविले. तण काढल्यावाचून वाफ्यात बी रुजत नाही. मनातील तण काढल्यावाचून देव राहत नाही. खेड्यातील श्रोत्यास हे कोणी समजावून सांगावे लागले नसेल.

अभंगवाणी

सावता महाराजांचे अभंग थोडे आहेत. सदतीस अभंग आज त्यांच्या नावावर उपलब्ध आहेत, आणि ते काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले, असे परंपरा सांगते. संख्या लहान असली तरी त्या अभंगांनी मराठी भाषेस एक नवी गोष्ट दिली. मळ्यातील वस्तूंची नावे, म्हणजे कंद, पाला, विहीर, मोट, दोर ही नावे, त्यांनी देवाच्या नावाशेजारी बसविली. ज्या भाजीची जुडी बाजारात नेऊन विकावयाची, तीत त्यांस आपली विठाई दिसली.

यातील धारिष्ट समजण्यासाठी आपल्याच घरातील एक रीत आठवावी. आषाढ शुद्ध नवमीस, म्हणजे कांदेनवमीस, आपण कांद्याचे पदार्थ करून खातो आणि त्यानंतर चातुर्मासात पुष्कळ घरी कांदालसूण वर्ज्य असतो. देवाच्या नैवेद्यात तर तो एरवीही चालत नाही. सावता महाराजांची पुण्यतिथी या चातुर्मासातच येते. आणि त्यांच्या सर्वांत लोकप्रिय अभंगात देवाची रूपे म्हणून ज्यांची गणना होते, त्यांत कांदा आहे व लसूणही आहे! नैवेद्याच्या पानातून जो उठविला जातो तोच कांदा या भक्ताने देवपदी बसविला. आमच्या मते यात व्रताची थट्टा नाही. व्रत हे मनास वळण लावण्यासाठी असते व ते ज्यास पाळावयाचे त्याने अवश्य पाळावे. परंतु अमुक शुद्ध आणि अमुक अशुद्ध असे म्हणता म्हणता मनुष्य अमुक माणूस शुद्ध आणि अमुक अशुद्ध या पायरीवर केव्हा उतरतो हे त्याचे त्यास कळत नाही. सावता महाराजांनी हे भोगले होते. आपण हीन मानल्या गेलेल्या जातीत जन्मलो हे बरेच झाले, कारण त्यामुळे थोरपणाचा ताठा आपणांस शिवला नाही, असा भाव त्यांच्या अभंगांत आढळतो. या उद्गारात नम्रता आहे, आणि ऐकणाऱ्यास अंतर्मुख करणारी एक धारही आहे.

याच अभंगासंबंधी आणखी एक मौज सांगण्यासारखी आहे. आज जो पाठ गाइला जातो त्यात मिरचीचेही नाव येते. आता मिरची ही मूळची आपल्या देशातील नव्हे. ते रोप अमेरिका खंडातले. १४९८ मध्ये पोर्तुगीज जलमार्गाने हिंदुस्थानास पोहोचले, १५१० मध्ये त्यांनी गोवे घेतले, आणि त्यांच्या व्यापारातून सोळाव्या शतकात मिरची आपल्या किनाऱ्यास लागली. सावता महाराज त्यापूर्वी दोनशे वर्षे होऊन गेले. तेव्हा मूळ शब्द काळ्या मिऱ्यांचा असावा, किंवा मागाहून गाणाऱ्यांनी आपल्या मळ्यातील नवे रोप अभंगाच्या ओळीत लावून घेतले असावे. यात अभंगाचे काही उणे झाले असे आम्हांस वाटत नाही. हाती आलेले बी पुढच्या पिढीने आपल्या मातीत पेरले, एवढेच झाले.

बटाटा, टोमॅटो, कोबी, फुलकोबी ही आज आपल्या स्वयंपाकघरात नित्य असणारी मंडळीही त्या काळी अरणास ठाऊक नव्हती. वांगी, पडवळ, दुधी, कारली, मुळा, कांदा, लसूण, मेथी, कोथिंबीर, घेवडा यांसारखी जुनी पिके मात्र आपल्या देशात फार प्राचीन काळापासून रुजलेली आहेत.

अखेर व स्मरण

शके १२१७, म्हणजे इसवी सन १२९५ मध्ये, आषाढ वद्य चतुर्दशीस सावता महाराजांनी अरण येथे देह ठेवला. त्यांचे वय तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली, आणि त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी झाली. यादवांचे वैभव लयास गेले. अरणच्या माळ्याचे नाव मात्र राहिले. अरण येथे त्यांची समाधी व मंदिर आहे.

आषाढी एकादशीस गावोगावच्या संतांच्या पालख्या पांडुरंगाच्या भेटीस पंढरपुरास जातात. सावता महाराजांच्या पुण्यतिथीस मात्र पांडुरंगाचीच पालखी पंढरपुराहून निघून अरणास येते. जो आपला मळा सोडून गेला नाही, त्याच्या भेटीस देवानेच जावे, हा न्याय वारकरी परंपरेने आजवर सांभाळला आहे.

आपल्या अंगणात

चरित्र वाचून हात जोडावे व पुस्तक मिटावे, एवढ्याने सावता महाराजांसारख्या संताचे स्मरण पुरे होत नाही. त्यांची पूजा करावयाची तर ती मातीतच केली पाहिजे. आपल्या सभासदांपैकी कित्येकांची घराणी पिढ्यांपूर्वी देश सोडून दूरच्या संस्थानी शहरांत वा सीमेवरील गावांत स्थायिक झाली. कोणाच्या वाड्यामागे परसू आहे, कोणास केवळ गच्ची आहे, कोणास सज्जातील दोन हात जागा. जेवढी असेल तेवढी पुरे.

जागा अशी निवडावी की जेथे पाच-सहा तास ऊन पडते. वाफा तीन ते चार फूट रुंद असावा, त्याहून अधिक नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हात पोहोचतो व आत पाय ठेवून माती दाबली जात नाही. लांबी जागेप्रमाणे ठेवावी. वीतभर खोल खणून दगड व तणांच्या मुळ्या काढाव्या आणि चांगले कुजलेले शेणखत वा पालापाचोळ्याचे खत मातीत मिसळावे. कच्चे शेण घालू नये; त्याने वाळवी व हुमणी येते. पावसाळ्यात वाफा जमिनीपासून वीतभर उंच करावा, म्हणजे पाणी साचून मुळे कुजत नाहीत. उन्हाळ्यात तोच सपाट व कडेने बांध घातलेला असावा, म्हणजे पाणी आत राहते. ज्यांस जमीन नाही त्यांनी फळांच्या जुन्या पेट्या, तळाशी भोके पाडून, वीतभर मातीने भराव्या. पालेभाजीस तेवढी खोली पुरते.

आरंभ कांद्यापासून करू नये. मेथी, कोथिंबीर व मुळा यांपासून करावा, आणि त्यासाठी दसऱ्यानंतरचे थंडीचे दिवस उत्तम. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पडावे, हा सर्वसाधारण नियम ध्यानात ठेवावा. धने अखंड पेरू नयेत. हलक्या हाताने रगडून त्यांच्या दोन डाळी कराव्या व रात्रभर पाण्यात ठेवून पेराव्या. त्यांस उगवावयास आठवडा-पंधरवडा लागतो, म्हणून घाई करून माती उकरून पाहू नये. मुळ्याची रोपे दाट आली तर विरळ करून दोघांमध्ये चार बोटे अंतर ठेवावे. उपटलेली कोवळी रोपे भाजीत घालावी. मेथी साधारण महिन्याभरात काढणीस येते. सर्व बी एकाच दिवशी न पेरता दर पंधरवड्यास थोडे थोडे पेरले, तर घरास नित्य ताजी भाजी मिळते. पाणी सकाळी झारीने हलकेच द्यावे. बादली उपडी केल्यास बी वाहून जाते.

आणि दोन-तीन उत्तम रोपे न काढता बीसाठी राखावी. मुळा फुलून त्यास शेंगा येऊ द्याव्या. त्या वाळल्या की बी काढून, सावलीत सुकवून, कोरड्या बरणीत ठेवावे. यासाठी मूळ बी देशी वाणाचे हवे. बाजारातील संकरित बियाण्याच्या पोटी पुढच्या वर्षी तसेच पीक येत नाही.

या कामात मुलांस अवश्य घ्यावे. एका मुलाकडे एक वाफा सोपवावा. सुटीत घर बंद करून परगावी जावयाचे झाल्यास वाफ्यास पाणी कोण घालील, हा प्रश्न त्या मुलास पडू द्यावा. ज्या मुलास हा प्रश्न मनापासून पडला, त्यास सावता महाराज पंढरपुरास का गेले नाहीत हे निराळे शिकवावे लागणार नाही. शेजारधर्म म्हणजे काय हेही त्यास कळेल. कारण बहुधा शेजारीच ते पाणी घालील, व त्याच्या गैरहजेरीत त्याच्या वाफ्यास पाणी घालण्याची पाळी या मुलावर येईल.

येत्या आषाढ वद्य चतुर्दशीस आपण देवळात जमू तेव्हा भजन होईल, प्रसाद होईल. त्या पूर्वी प्रत्येक कुटुंबाने वीतभर का होईना माती भुसभुशीत करून ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे. पावसाळ्यात उंच वाफ्यावर भेंडी, गवार, दोडका लावता येतो व थंडीत पालेभाज्या येतात. पहिली जुडी निघेल ती देवापुढे ठेवावी, दुसरी शेजाऱ्याच्या घरी द्यावी आणि मग आपल्या पानात घ्यावी. अरणच्या माळ्याने आपणांस दाखविलेली पंढरीची वाट परसातून जाते. ती चालावयास दूर जावे लागत नाही. रोज सकाळी पाण्याची झारी घेऊन न चुकता दाराबाहेर पडावे लागते.